खालचा आकडा

सावद्याहून उत्तरेला निघालं की सातपुडा हाताशी आल्यासारखा वाटतो, तिथे गिरधरभाऊंचा मळा आहे. केळीच्या दोन बागा, मधे विहीर आणि विहिरीला लागून घर. गावातलं घर त्यांनी भावाला देऊन टाकलं आणि धुरपदाबाईंना घेऊन ते मळ्यात राहायला आले, याला कारण ती विहीर. गावच्या नळाचं पाणी मचूळ, त्यात डाळ शिजता शिजत नाही. या विहिरीचं पाणी गोड. लग्नकार्य असलं की लोक पिंपं घेऊन यायचे, आणि गिरधरभाऊ स्वतः मोटर चालू करून द्यायचे.

माणूस देण्याघेण्यात सढळ होता, तसाच केळीच्या बाबतीतही. कृषी खात्याने सांगितलेलं खत ते द्यायचेच, आणि वर आणखी एक हप्ता युरियाचा. त्याला ते 'वरचा घास' म्हणायचे. "केयी खादाड पीक आहे. तिले उपाशी ठेवाल तं ती तुम्हाले उपाशी ठेवंन." त्यांचे घड पाहून व्यापाऱ्यांच्या गाड्या रस्त्यावर थांबायच्या. यात त्यांना कधी काही वावगं वाटलं नाही. आसपासचे सगळेच असं करत होते.

एकुलता मुलगा नीलेश ठिबक आणि विक्री सांभाळायचा. त्याचं लग्न चोपड्याच्या भूमिकाशी झालं. मुलगी शिकलेली, बोलायला मोकळी. सासू-सुनेचं चांगलं जमलं, सासऱ्यांना ती नीलेशसारखंच आबा म्हणायची. पुढे त्यांना मुलगी झाली. नाव ठेवलं ध्रुवी.

ध्रुवी दीड महिन्याची असताना भूमिकाला विषमज्वर झाला. ताप उतरेना, दवाखान्यात ठेवावं लागलं, आणि घरी आली तेव्हा अंगावरचं दूध आटलेलं होतं. डॉक्टरांनी पावडरचं दूध लिहून दिलं आणि पाणी उकळून घ्यायला सांगितलं. धुरपदाबाईंनी नात आपल्या मांडीवर घेतली ती तेव्हापासून. भूमिका खाटेवर पडल्या पडल्या म्हणायची, "आई, पाणी नीट उकळा हं." त्या म्हणायच्या, "तू काळजी नको करू व माय." त्यांच्या आईची रीत होती, बाळाचं पाणी निम्मं आटेपर्यंत उकळायचं. त्या विहिरीचं पाणी पातेल्यात घेऊन मंद आचेवर ठेवायच्या, निम्मं झालं की उतरवून धुतलेल्या फडक्यातून गाळायच्या, आणि त्यात दूध कालवायच्या. बाटलीही उकळायच्या. आळस म्हणून त्यांनी कधी केला नाही.

तिसऱ्या महिन्यात पोरीला जुलाब सुरू झाले. थांबायचे, पुन्हा लागायचे. ओठ काळसर दिसू लागले, नखंही. कुणी म्हणालं थंडीचं आहे, कुणी म्हणालं मामावर रंग गेलाय. फैजपूरच्या डॉक्टरांनी छाती तपासली, हृदय ठीक आहे म्हणाले, जुलाबाचं औषध दिलं. धुरपदाबाईंना वाटलं पाण्यातच काही राहतंय. त्या पाणी आणखी आटवू लागल्या.

एका सकाळी ध्रुवी रडेना. अंग पाटीसारखं राखाडी झालं होतं. नीलेशने गाडी काढली आणि सगळे जळगावला गेले. तिथल्या डॉक्टरांनी प्राणवायू लावला, पण रंग पालटेना. रक्त काढलं तर ते तपकिरी निघालं, चॉकलेटसारखं. ते पाहून डॉक्टर वळले आणि त्यांनी पहिला प्रश्न विचारला तो पाण्याचा. कुठलं पाणी पाजता? विहिरीचं म्हटल्यावर त्यांनी घाईघाईने एक इंजेक्शन मागवलं. ते दिलंही. पण जुलाबांनी पोरीत काही उरलं नव्हतं. दिवस कलायच्या आत ती गेली.

भूमिकाजवळ नीलेश आणि धुरपदाबाई होते. डॉक्टरांनी गिरधरभाऊंना बाजूला बोलावलं.

"आजूबाजूला शेती काय आहे?"

"केयी."

"खत?"

गिरधरभाऊंनी सांगितलं. डॉक्टर सावकाश बोलले, समजेल असं. युरियातलं नत्र सगळंच्या सगळं पीक घेत नाही. उरतं त्याचं नायट्रेट होतं, ते पाण्याबरोबर खाली उतरतं आणि विहिरीत येतं. त्याला ना वास, ना चव. मोठ्या माणसाला सहसा कळतही नाही. इतक्या लहान बाळाच्या रक्ताला मात्र ते प्राणवायू वाहू देत नाही.

"पन पानी उकयेल व्हतं डॉक्टरसाहेब," गिरधरभाऊ म्हणाले. "माझी बायको निम्मं आटवायची. रोज."

डॉक्टर म्हणाले, "उकळल्याने जंतू मरतात. नायट्रेट जात नाही. पाणी आटतं आणि ते तेवढंच राहतं."

"म्हंजे निम्म्या पान्यात दुप्पट?"

"हो."

गिरधरभाऊ भिंतीला टेकले. मग त्यांनी डॉक्टरांचे दोन्ही हात धरले. "हे तिले सांगू नका. माझ्या घरात कोनालेच सांगू नका."

घरी आल्यावर त्यांनी सगळ्यांना एवढंच सांगितलं की विहिरीत युरिया उतरला होता, माझ्या खताने झालं. त्यात खोटं काही नव्हतं. फक्त निम्मं त्यांनी आपल्यापाशी ठेवलं.

भूमिका महिनाभरासाठी चोपड्याला माहेरी गेली आणि परत आली नाही. नीलेश दर आठवड्याला जाऊन यायचा. बापाशी तो कामापुरतं बोलायचा, मोटर, मजूर, गाडी, एवढंच. गिरधरभाऊंना ते बरोबरच वाटायचं. पिण्याला सावद्याहून पाण्याचे जार येऊ लागले.

सगळ्यात अवघड होतं ते धुरपदाबाईंचं. त्या नवऱ्याची समजूत घालायच्या. "तुम्ही काय जानून केलं? सारं गाव टाकतं युरिया." ताटावर बसवून बळेच जेवायला लावायच्या. आणि जारचं विकत आणलेलं पाणीही उकळायच्या, पूर्वीसारखंच, निम्मं. एकदा गिरधरभाऊ म्हणाले, "हे कायले उकयती? साफ पानी आहे."

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "मीच कुठी कमी पडली असंन. जराक अजून उकयलं असतं तं..."

गिरधरभाऊ उठून बागेत निघून गेले. पोटऱ्यांएवढ्या जाड खोडांच्या ओळीत ते उभे राहिले, आणि आत जाऊन सांगून टाकावं असं त्यांना वाटलं. त्यांनी सांगितलं नाही.

वर्ष व्हायला आलं तेव्हा ज्योत्स्ना मळ्यात आली. भडगावची मुलगी, शेतीतली इंजिनिअर, एका संशोधन संस्थेच्या कामावर होती. तालुक्यातल्या कोणत्या विहिरींत नायट्रेट जास्त आहे याची माहिती तिला मिळाली होती, आणि या घरात काय घडलं तेही तिने ऐकलं होतं. ती चप्पल काढून ओट्यावर बसली, पाणी मागितलं नाही, आणि आधी म्हणाली, "काका, मला कळलंय. तुम्ही नाही म्हणालात तर मी उठून जाईन."

मग तिने पिशवीतून दोन सळ्या काढून दाखवल्या. जमिनीतलं नत्र मोजणारे सेन्सर होते ते. एक फूटभर खोलीवर पुरायचा, जिथे केळीची मुळं असतात. दुसरा तीन फुटांवर, मुळांच्या खाली. वर खांबाला एक डबी आणि छोटं सोलर पॅनल, आकडे मोबाइलवर.

"वरचा सांगतो केळीला किती मिळतंय. खालचा सांगतो तिच्या हातून किती निसटतंय. त्यावरून खत ठरवायचं. अंदाजाने नाही."

नीलेश दारात उभा होता. "आता मोजून काय करायचं ताई? जायचं ते गेलं."

गिरधरभाऊ म्हणाले, "लाव बाई. जिथी म्हनशील तिथी लाव."

सेन्सर पुरून झाल्यावर ज्योत्स्नाने एक अट सांगितली आणि सांगताना ती अडखळली. पहिल्या हप्त्याला खत नेहमीसारखंच द्यायचं, वरच्या घासासकट. काही बदललं तर नेहमी काय होतं ते कळणार नाही.

त्या दिवशी गिरधरभाऊंनी मजुराला जवळ येऊ दिलं नाही. टाकीत युरिया स्वतः ओतला, काठीने ढवळला आणि ठिबकचा कॉक उघडला. वर्षानुवर्षं हेच काम त्यांनी गुणगुणत केलं होतं. आता आपण कुणाच्या तरी तोंडात विष सोडतोय असं त्यांना वाटलं, आणि त्यांनी दोनदा कॉक बंद करून पुन्हा उघडला.

वरचा आकडा लगेच चढला. मग हळूहळू उतरायला लागला. गिरधरभाऊंना वाटलं, घेतंय पीक. चार-पाच दिवसांनी पाण्याची एक पाळी झाली आणि खालचा आकडा हलला. तो चढत राहिला. ज्योत्स्ना आली तेव्हा ते खांबाजवळ जमिनीवरच बसलेले होते, मोबाइल मांडीवर.

"हे असं दर वेळी होत असंन?"

"हो काका."

"मी खत देऊ लागलो तव्हापासून?"

तिने मान डोलावली. डॉक्टरांनी शब्दांत सांगितलेलं होतंच, पण डोळ्यांसमोर खाली उतरताना पाहणं वेगळं होतं.

पुढच्या हप्त्यापासून खत आकड्याप्रमाणे सुरू झालं. थोडं थोडं, वरचा आकडा उतरला तरच. सावद्याला इंदरचंदजींचं खताचं दुकान होतं. दोघांची ओळख फार जुनी, इंदरचंदजींच्या वडिलांपासूनची. गिरधरभाऊंनी नेहमीच्या निम्म्याहून कमी गोण्या मागितल्या तेव्हा इंदरचंदजी हसून म्हणाले, "गिरधरभाऊ, बाग उपाशी मारणार का यंदा?" मग त्यांना आठवलं आणि त्यांचा चेहरा उतरला. नोकराला त्यांनी चहा आणायला पाठवलं.

"मी कधी नको म्हणालो नाही तुम्हाला," ते हळू आवाजात म्हणाले. "तुम्ही मागत गेलात, मी देत गेलो."

"तुम्ही कशाले नही म्हनाल शेठ?" गिरधरभाऊ म्हणाले. दोघांनी चहा घेतला. त्याहून जास्त त्या विषयावर ते कधी बोलले नाहीत.

बाग निसवली, केळफुलं बाहेर पडली. घड भरू लागले. नीलेशने काट्यावर वजनं केली आणि बापासमोर येऊन नुसता उभा राहिला. वजनं मागच्या सालाएवढीच होती. गिरधरभाऊंनी पुन्हा करायला लावली. फरक पडला नाही. म्हणजे तो वरचा घास केळीने कधी खाल्लाच नव्हता. लोकांनी त्या दिवशी त्यांचं कौतुक केलं, खत वाचलं म्हणून. ते मात्र दिवसभर जेवले नाहीत. खताची गरज असती आणि त्यापायी असं झालं असतं, तर मनाला सांगायला काहीतरी राहिलं असतं.

खालचा आकडाही आता चढत नव्हता. त्यांनी ज्योत्स्नाला विचारलं, विहीर कधी साफ होईल? ती खोटं बोलणारी नव्हती. "वर्षं लागतील काका. जमिनीत आधीचं आहे ते झिरपत राहणार. शेजारच्या बागांचंही येतं. एकट्या तुमच्याने नाही व्हायचं." मग म्हणाली, "या पाण्यातच नत्र आहे. ते हिशेबात धरा. हेच पाणी केळीला दिलंत तर खत आणखी कमी लागेल, आणि विहिरीतलंही थोडं थोडं निघेल."

शेजाऱ्यांनाही दाखवावं म्हणून तिने मळ्यात सगळ्यांना बोलावलं. केळी भरायच्या शेडमध्ये सतरंज्या टाकल्या. पुरुष आले, बायकाही आल्या. ज्योत्स्नाने दोन्ही आकडे दाखवले, विहिरीचं सांगितलं. शेजारच्या मळ्यातले जीवराम काय-काय विचारत होते. त्यांची बायको लताबाई मागून म्हणाली, "आम्ही तं पानी उकयूनच पेतो बाई. मंग कायचं भेव?"

गिरधरभाऊ ताडकन उठले. "बाई, ते राहू द्या, चहा—"

पण ज्योत्स्ना बोलून गेली होती. या घरात पाणी कसं द्यायचे ते तिला कुणी सांगितलेलं नव्हतं. "मावशी, उकळल्याने हे जात नाही. उलट पाणी आटलं की वाढतं. लहान बाळाला तर असं पाणी उकळून मुळीच देऊ नका."

धुरपदाबाई चहाचे कप घेऊन आल्या होत्या. त्या थांबल्या नाहीत. शेवटच्या माणसापर्यंत त्यांनी चहा दिला, लताबाईंच्या हातातही दिला. मग रिकामा ट्रे घेऊन घरात गेल्या.

लोक पांगल्यावर गिरधरभाऊ आत आले. त्या पाटावर बसलेल्या होत्या.

"तुम्हाले माहीत व्हतं?"

"हो."

"कव्हापासून?"

"दवाखान्यातच डॉक्टरनं सांगितलं."

त्यांनी नवऱ्याकडे पाहिलं. "अन् मी तुमची समजूत घालत राह्यली. काबरं नही सांगितलं?"

"तू जगली नसती धुरपदा."

"अन् आता जगू?"

गिरधरभाऊ त्यांच्यासमोर जमिनीवर बसले. रडले ते गिरधरभाऊ. धुरपदाबाई रडल्या नाहीत. त्या हाताकडे बघत म्हणाल्या, "जुलाब लागले तव्हा मी अजून आटवलं. अजून." हे त्यांनी पुन्हा पुन्हा म्हटलं, जणू दुसऱ्या कुणाबद्दल सांगत असाव्यात. त्या दिवशी घरात स्वयंपाक झाला नाही.

दुसऱ्या दिवशी त्या नीलेशला म्हणाल्या, "मले चोपड्याले ने."

नीलेशलाही कालच कळलं होतं. चोपड्याला भूमिकाने दार उघडलं. ती वाळली होती. तिच्या आईने पाणी आणलं, ते धुरपदाबाईंनी घेतलं नाही. त्या उभ्याउभ्याच म्हणाल्या, "बाई, तुझ्या पोरीले मी मारलं. मी पानी आटवून आटवून पाजलं."

भूमिकाने त्यांना धरून खाली बसवलं. "आई," ती म्हणाली, "मला माहीत होतं."

धुरपदाबाईंना ऐकू आलं नाही असं वाटून तिने पुन्हा सांगितलं. पहिल्याच आठवड्यात तिने मोबाइलवर वाचलं होतं, आणि खात्री करायला जळगावच्या डॉक्टरांना फोन केला होता. तिनेच विचारलं तेव्हा त्यांना खोटं बोलता आलं नाही.

"मी आबांवर रागावून नाही आले इथे. तुम्ही रोज सकाळी ते पातेलं गॅसवर ठेवायच्या. मला ते बघवायचं नाही. आणि तुम्हाला सांगवायचंही नाही."

"राग आला असंन तुले माझा."

"आला. अजूनही येतो कधी कधी. नाही म्हटलं तर खोटं होईल. पण मीच तुम्हाला म्हणायचे ना, आई, नीट उकळा. मग माझाही येतो."

तेव्हा धुरपदाबाई रडल्या. इतक्या दिवसांचं रडल्या. भूमिका त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिली, आणि दारात नीलेश भिंतीकडे तोंड करून उभा होता.

ती त्यांच्याबरोबर परत आली नाही. चल असं त्या म्हणाल्याही नाहीत. दोन महिन्यांनी नीलेशने सावद्याला भाड्याने घर घेतलं, तिथे भूमिका राहायला आली. तो सकाळी मळ्यात येतो, संध्याकाळी जातो. बापाशी आता थोडं जास्त बोलतो. भूमिका दिवाळीला येऊन गेली, सासूच्या हातचं जेवली, आणि उजेड असेतो निघाली. विहिरीकडच्या बाजूला ती गेली नाही.

गिरधरभाऊ सकाळी उठल्यावर आधी आकडे पाहतात. विहिरीचं पाणी केळीला देतात आणि टाकीत जेमतेम ओंजळभर युरिया घालतात, कधी तोही नाही. आपल्या हयातीत विहीर साफ होणार नाही हे त्यांना कळून चुकलंय. जीवरामांनी आणि आणखी दोघांनी सेन्सर बसवून घेतले. बाकीचे म्हणतात, बघू.

उन्हाळ्याच्या तोंडावर लताबाईंची सून बाळंतपणाहून आली. पुढल्या बुधवारी धुरपदाबाई डोक्यावरून पदर घेऊन जीवरामांच्या मळ्याकडे निघाल्या. गिरधरभाऊंनी विचारलं, मी येऊ? त्या नको म्हणाल्या.

लताबाईंनी त्यांना बाजेवर बसवलं. सून बाळाला घेऊन जरा लांब बसली. धुरपदाबाईंनी बाळ मागितलं नाही. त्या म्हणाल्या, "पोरी, अंगावरचं पाज व्हईल तव्हर. नही जमलं तं सावद्याचं पानी आन. विहिरीचं नको. उकयून तं मुळीच नको." आणि मग त्यांनी सगळं सांगितलं, पहिल्यापासून. फडक्यातून गाळायच्या तेही. कुठे काही लपवलं नाही, आणि स्वतःला शिव्याही दिल्या नाहीत. लताबाई पदर तोंडाला लावून ऐकत होत्या.

सांगून झाल्यावर सून उठली आणि तिने बाळ त्यांच्या मांडीवर ठेवलं. धुरपदाबाईंचे हात आधी वर उचललेलेच राहिले. मग त्यांनी बाळाच्या पाठीखाली तळवा घातला. जरा वेळाने बाळ परत देऊन त्या उठल्या आणि लताबाईंना विचारलं, "गावात आणखी कोनाकडं तान्हं आहे?"